लग्नाचे 60 जीबी फोटो गूगल ड्राइव्हवरून उतरतच नाहीत, काय करावं?

आधी झिपचा, म्हणजे अनेक फायली एकत्र बांधलेल्या गठ्ठ्याचा, नाद सोडा. फोटोग्राफरने लिंक दिली, ब्राउझरमधून पूर्ण फोल्डर डाउनलोडला लावलं, काही झिप आल्या, काही अडकल्या, आलेल्यांत हळदीचे फोटो सापडत नाहीत, आणि ड्राइव्हचं ॲप टाकलं तर ते नुसतं 'सिंक होत आहे' दाखवतंय, असा तुमचा प्रश्न आहे. मी नाशिकमधल्या अंबड-सातपूरकडच्या छोट्या कारखान्यांचे ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळतो, पण लगीनसराई संपली की हीच तक्रार घेऊन लोक घरी येतात.

तुम्ही बटण दाबल्यावर गूगल त्या क्षणी झिप बांधायला घेतं आणि साधारण दोन-दोन जीबीचे तुकडे पाडतं. म्हणजे 60 जीबीच्या तीसेक झिप. क्रोम मध्येच विचारतं की या साइटला एकापेक्षा जास्त फायली उतरवू देऊ का. वरच्या कोपऱ्यातली ती छोटी पाटी नजरेतून सुटली की पुढचे तुकडे येतच नाहीत. त्यात लाइट जाऊन राउटर बंद पडला किंवा लॅपटॉपचं झाकण मिटलं, की तुटलेली झिप बहुतेक वेळा पहिल्यापासून. 40 एमबीपीएसचं कनेक्शन पूर्ण वेगाने चाललं तरी एवढ्याला सव्वातीन तासांच्या वर लागतात, आणि संध्याकाळी तो वेग कोणाला मिळतो?

हळदीचे फोटो बहुधा गेलेले नाहीत. प्रत्येक झिप स्वतंत्र उघडते, पण एकाच फोल्डरचे फोटो अनेक झिपमध्ये विखुरलेले असतात. सगळ्या झिप एकाच जागी उघडा, म्हणजे फोल्डर आपोआप एकत्र होतात. ती जागा डाउनलोड्सच्या पोटात नको. विंडोजमध्ये पत्त्यासकट फाइलच्या नावाला साधारण 260 अक्षरांची मर्यादा आडवी येते आणि फोटोग्राफर मंडळी फोल्डरला वधू-वरांच्या नावांपासून कार्यालयाच्या नावापर्यंत सगळं लिहून ठेवतात. डी ड्राइव्हवर 'लग्न' एवढ्याच नावाचं फोल्डर करून त्यात उघडा.

आता खरा रस्ता. लिंक स्वतःच्या खात्यातून उघडा आणि त्या फोल्डरचा शॉर्टकट, म्हणजे मूळ फोल्डरकडे नेणारी नुसती खूण, 'माय ड्राइव्ह'मध्ये घ्या. शॉर्टकटने तुमच्या फुकटच्या 15 जीबीतलं काही खर्च होत नाही. 'कॉपी करा' मात्र करू नका. ती जागा तुमच्या खात्यातून जाते आणि ते 15 जीबी जीमेल आणि फोटोज मिळून एकच असतात. मग कॉम्प्युटरवरच्या ड्राइव्ह ॲपमधून तो शॉर्टकट उघडा आणि एकेक फोल्डर कॉपी करून बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाका. आधी हळद, ती पूर्ण उतरली की लग्न. एखादा फोटो अडला तर तेवढाच पुन्हा घ्यायचा, अख्खी झिप नाही.

ॲप लटकण्याचं कारण मला बहुतेक वेळा एकच सापडतं: सी ड्राइव्ह भरलेला. ॲप फायली आधी तिथल्या तात्पुरत्या साठ्यात आणतं, मग तुमच्या डिस्कवर जातात. ॲपच्या सेटिंगमध्ये त्या साठ्याची जागा बदलून डी ड्राइव्ह देता येते. तसंच ॲप लिंक उघडलेल्याच खात्याने चालू आहे ना, तेही बघा. घरात चार जीमेल असली की इथेच घोळ होतो. अर्धवट सिंक असताना खातं डिस्कनेक्ट करू नका. आणि ॲपच्या फोल्डरमधून स्वतःची फाइल काढली तर ती ड्राइव्हवरूनही जाते; कचरापेटीत 30 दिवस असते, नंतर नाही.

'डाउनलोडची मर्यादा संपली' असा संदेश आला तर दोष तुमच्या नेटचा नाही. लिंक नातेवाइकांच्या ग्रुपवर गेली असणार आणि सगळे एकदम तुटून पडले असणार. साधारण 24 तास थांबा.

व्हिडिओ पेनड्राइव्हवर जात नसेल तर पेनड्राइव्ह फॅट32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल. त्यावर 4 जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही, जागा कितीही मोकळी असली तरी. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, आतलं आधी काढून घेऊन.

खरं सांगायचं तर फोटोग्राफर नाशिकचाच असेल तर हे सगळं करण्यापेक्षा एमजी रोडवरून हार्ड डिस्क घ्या आणि त्याच्या स्टुडिओत जा. यूएसबी 3 वर 60 जीबीला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. बाहेरगावचा असेल तर त्याच्याकडून प्रत्येक फोल्डरमधल्या फायलींची संख्या मागवा आणि आपल्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या आकड्याशी ताडून पाहा. तो लिंक बंद करण्याआधी हे करा. आकडा जुळत नसेल तर कोणत्या फोल्डरात किती कमी आहेत आणि ॲप नेमका काय संदेश दाखवतंय ते इथे लिहा, पाहतो.