चलान आलंय, आता काय?

प्रश्न: मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवरून पुण्याला येऊन आठवडा झाला आणि काल व्हॉट्सॲपवर चलानचा मेसेज आला, खाली एपीके फाईल डाऊनलोड करा म्हणतात. करू का? (वाचक, चिंचवड)

उत्तर: अजिबात नको! एपीके म्हणजे फोनात ॲप बसवणारी फाईल, सरकार चलान तसं पाठवत नाही, ती फाईल टाकली की फोनातले ओटीपी भलत्याच माणसाच्या हातात जातात. मेसेज डिलीट करा आणि ब्राउझरमध्ये स्वतः महाट्रॅफिकची (वाहतूक पोलिसांची चलानची) साईट उघडा, पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे ना ते बघा. तिथे गाडीचा नंबर आणि चॅसी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकायचे (आरसीवर असतात), की गाडीवर जे काय पेंडिंग असेल ते समोर येतं. काहीच दिसलं नाही तर तो मेसेज फसवाफसवीचा समजा. चलान खरं असेल तरी आधी फोटो उघडा मगच पैसे भरा, बरेच जण फोटो न बघताच भरून मोकळे होतात. नंबरप्लेट, गाडीचा रंग, मॉडेल, तारीख, वेळ, ठिकाण सगळं जुळतंय का बघा. फोटोत लाल हॅचबॅक आणि तुमची पांढरी सेडान असेल तर कुणीतरी तुमचा नंबर लावून फिरतंय, मग त्याच साईटवर तक्रार नोंदवा, आरसी आणि आपल्या गाडीचे फोटो जोडा, त्या वेळी गाडी दुसरीकडे होती हे दाखवणारी फास्टॅगची नोंद असेल तर तीही. आणि पोलीस ठाण्यातही कळवून ठेवा, कारण उद्या ती गाडी कुठे अपघात करून पळाली तर पोलीस तुमच्या दारात येतील.

प्रश्न: कॅमेऱ्याखाली मी नव्वदच्या आतच होतो, तरी ओव्हरस्पीड कसं? (वाचक, पनवेल)

उत्तर: एक्सप्रेसवेवर जुलै २०२४ पासून जी यंत्रणा चालू आहे ती कॅमेरे लावलेल्या दोन कमानींमधला सरासरी स्पीडही काढते. कारला सपाटीवर १०० ची लिमिट आहे, म्हणजे १० किलोमीटरला कमीत कमी ६ मिनिटं लागायलाच हवीत, तुम्ही ५ मिनिटांत पोचलात तर १२० झालाच की, कमानीखाली ब्रेक दाबून काय उपयोग? आणि खंडाळ्याच्या घाटात लिमिट ६० आहे, बरेच जण तिथेच सापडतात, उतारावर गाडी आपोआप पळते आणि मागचा ट्रक हॉर्न मारत असतो. तेव्हा चलानवरचं ठिकाण आधी बघा, घाटातलं असेल तर नव्वदचा हिशोब सांगून काही होणार नाही. कारला दंड २,००० रुपये आहे, भरून टाका.

प्रश्न: विकलेल्या बाईकचं चलान मलाच येतंय. (वाचक, सातारा)

उत्तर: आरसी अजून तुमच्याच नावावर आहे म्हणून. फॉर्म २९, ३० भरून ट्रान्सफर करून घ्या, आणि घेणारा टाळाटाळ करत असेल तर विक्रीचे कागद घेऊन आरटीओत लेखी कळवा, पोच घ्यायला विसरू नका.