शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या पित्तनलिकेच्या कर्करोगात आरएफए (रेडिओफ्रिक्वेन्सी ॲब्लेशन, म्हणजे रेडिओलहरींच्या उष्णतेने गाठ जाळणे) आणि केमोथेरपी दोन्ही घेता येतात का?

घेता येतात, आणि निवडक रुग्णांत त्यामागे ठोस कारणही आहे. आरएफएमध्ये एंडोस्कोप (कॅमेरा असलेली लवचिक नळी) तोंडावाटे आत नेऊन पित्तनलिकेच्या अरुंद झालेल्या जागी बारीक कॅथेटर ठेवतात, साधारण 90 ते 120 सेकंद रेडिओलहरींची उष्णता देऊन गाठीचा आतला थर जाळतात आणि मग तिथे स्टेंट बसवतात, जेणेकरून पित्त वाहते राहते व कावीळ उतरते. ही कावीळ उतरणे फार महत्त्वाचे आहे, कारण बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारे पिवळे द्रव्य) बरेच वाढलेले असताना केमोथेरपी पूर्ण मात्रेत देणे सहसा शक्य नसते.

मात्र ही उष्णता काही मिलिमीटरच खोल पोचते. लसिकाग्रंथींत किंवा यकृतात पसरलेल्या पेशींवर औषधच चालते. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत जेमसिटाबिन या एकट्या केमोथेरपी औषधाने मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) 8.1 महिने होते, ते सिस्प्लॅटिन या दुसऱ्या केमोथेरपी औषधाची जोड दिल्यावर 11.7 महिने झाले. आता त्यात ड्युर्व्हालुमॅब या इम्युनोथेरपीच्या (रोगप्रतिकारशक्तीला चालना देणाऱ्या) औषधाचीही भर घातली जाते. म्हणूनच आरएफएमुळे औषध लांबणीवर पडणार असेल, तर माझ्या मते औषधालाच प्राधान्य द्यावे.

प्रक्रियेनंतर थंडी वाजून ताप आल्यास तो पित्तनलिकेतील संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, सकाळची वाट पाहू नये.