आजीकडे लोक न सांगता का येतात

प्रिय मनू,

परतताना विमानतळावर तू विचारलंस की आजीकडे लोक फोन न करता कसे येतात, टर्मीन, म्हणजे आधी ठरवलेली वेळ, का घेत नाहीत, आणि आजी दुपारी पडलेली असली तरी उठून चहा का टाकते, हे बॅड मॅनर्स नाहीत का. तेव्हा मी घाईत होते, पण प्रश्न मनात राहिला, म्हणून सविस्तर लिहितेय. वाचताना अडलीस तर बाबाला विचार.

आम्ही इथे जर्मनीत, श्टुटगार्टला आलो तेव्हा सगळ्यांनी थंडीची भीती घातली होती. थंडीचं काही नाही गं, जाड जॅकेट घातलं की झालं. मला जड गेलं ते बेल न वाजणं. डोंबिवलीत सकाळपासून दूधवाला, इस्त्रीवाला, विरजण मागायला आलेल्या काकू, वर्गणीवाली मुलं, कोणी ना कोणी दारात असायचंच, आणि इथे बेल वाजली तर पार्सल. त्यात रविवार! दुकानं बंद, ड्रिल मारायचं नाही, काचेच्या बाटल्यासुद्धा कंटेनरमध्ये टाकायच्या नाहीत. रविवारची ही सुट्टी थेट राज्यघटनेतच आहे, 1919 च्या वायमार घटनेतलं, म्हणजे तेव्हाच्या जर्मन प्रजासत्ताकाच्या घटनेतलं, कलम 1949 च्या घटनेत तसंच ठेवलंय. मला तेव्हा हे काही माहीत नव्हतं, मला वाटायचं की या लोकांना कोणी नकोच असतं. पहिल्यांदा एका वाढदिवसाचं कार्ड आलं त्यावर तीन ते सहा लिहिलेलं, म्हणजे यायची वेळ आणि जायची पण! मी ते कार्ड कितीतरी वेळ हातात धरून बसले होते.

मग खालच्या मजल्यावरच्या आजींशी ओळख झाली. जिन्याच्या सफाईची पाळी, म्हणजे केअरवोखं, कशी करायची ते त्यांनीच मला शिकवलं. त्या मूळच्या लाइपझिगच्या. त्यांनी सांगितलं की पूर्व जर्मनीत तेव्हा फार थोड्या घरांत फोन होता, त्यामुळे लोक सरळ एकमेकांच्या घरी जाऊन थडकायचे, आणि घरी कोणी नसेल तर निरोप लिहून ठेवायला दाराला कागद आणि पेन्सिल टांगलेली असायची. हे ऐकून मला एकदम हलकं वाटलं. म्हणजे जर्मन लोक असे आणि मराठी लोक तसे, एवढं सोपं नाहीये ते.

आपल्याकडेही तेच होतं. मी लहान होते तेव्हा फोनसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे, अख्ख्या मजल्यावर एखादा फोन, तो सगळ्यांचा पी.पी. नंबर, म्हणजे शेजाऱ्याच्या फोनवर बोलावून घ्यायचा नंबर. मावशी गावाहून एसटीने निघाली तर ती पोचली की कळायचं. म्हणून कणीक थोडी जास्तच मळायची, पोहे घरात संपू द्यायचे नाहीत, आलेल्याला आधी पाणी द्यायचं, सगळं घरच त्या हिशोबाने चालायचं. गणपतीत तू बघितलंसच, दर्शनाला यायला आमंत्रण लागत नाही, आणि तुला न ओळखणाऱ्या बायकांनीही तुझ्या हातावर मोदक ठेवला.

पण फोन आले तरी ते येणं थांबलं नाही, त्याचं कारण मला वाटतं डोंबिवलीची लोकल. घरातले मोठे सकाळी मुंबईला गेले की मुलांना शेजारचंच घर, किल्ली पण तिथेच. 26 जुलै 2005 ला, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी, लोकल बंद पडल्या, तुझे आजोबा ऑफिसात अडकले आणि आजी वाटेत कुठेतरी, फोन लागेनात. मी काकूंकडे जेवले, तिथेच झोपले. राहू का असं मी विचारलं नाही आणि त्यांनीही मला विचारलं नाही, पान वाढलेलंच होतं. त्याच काकू आता दुपारी आजीची झोप मोडतात.

म्हणून नाही मनू, ते बॅड मॅनर्स नाहीत. इथलं विचारून येणंही मला आता आवडतं, समोरच्याच्या वेळेची काळजी असते त्यात. एक गोष्ट मात्र मला आजीकडची अजिबात पटत नाही, पाहुणे आले की बायकाच उठतात आणि पुरुष गप्पा मारत बसून राहतात. आजीचे गुडघे दुखतात, तरी तीच उठते. हे मी मामाला सांगितलंय, तूही सांग, तुझं तो ऐकतो.

आणि तुझ्या मैत्रिणीच्या आईशी मी बोललेय, तुझी मैत्रीण कधीही न विचारता वर आली तरी चालेल, जेवायच्या वेळेला आली तर जेवेल. फक्त एक ते तीन जिन्यात धावू नका, खालच्या आजी झोपतात. चहा बाबा करेल.

तुझी,
आई