घरी मराठी बोलू की इंग्रजीच?

न्यू जर्सीत इतकी वर्षं समुपदेशन करतेय. ऑटिझम असलेल्या मुलांच्या आया, मराठी असोत, तेलुगू असोत की स्पॅनिश बोलणाऱ्या, आवाज खाली आणून एक प्रश्न हमखास विचारतात. "घरात आम्ही आमची भाषा बोलतो, त्यामुळे त्याचं बोलणं लांबलं का?" गेल्या महिन्यात तिघींनी विचारला, म्हणून ही हकीकत. तपशील बदलले आहेत.

मुलगा चार वर्षांचा. आई फिजिक्समध्ये एमएस्सी, पण शाळेच्या मीटिंगमध्ये तोंडून शब्द फुटत नाही म्हणाली.

"बालवाडीतल्या बाईंनी सांगितलं, एकच भाषा ठेवा, नाहीतर गोंधळेल. सात महिने झाले, मराठी बंद."

"मग आता त्याच्याशी काय काय बोलता?"

"लागेल तेवढं. कम. सिट. ईट. नो."

या उत्तरावर मी पुढची तीन सत्रं काढली. तिला सल्ला हवा होता आणि मी मात्र घरातल्या बारीकसारीक गोष्टी विचारत होते: जेवण, झोप, साताऱ्याच्या आजीचा व्हिडिओ कॉल. माझी पद्धतच ती. एकट्या मुलाकडे बघून मला काही दिसत नाही, त्याच्याभोवतीचं घर बघावं लागतं.

चौथ्या वेळी विचारलं, "पूर्वी त्याला आंघोळ घालताना काय बोलायचात?"

ती जरा थांबली. मग सुरू झाली. "बघ रे, पाणी कढत नाही ना? बोट बुडव. हं, आता डोळे मीट, साबण जाईल. कुणाचं पोट हे? कुणाचं गं बाई हे पोट?" हातही तसेच हलत होते. तिचा असा आवाज मी तरी पहिल्यांदाच ऐकत होते. मध्येच ती थबकली आणि डोळे भरून आले.

"ताई, मराठीबरोबर माझं बोलणंच गेलं की हो."

मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं मला फार उशिरा जमलं, पण आता जमतं.

तर उत्तर सरळ सांगते. बोलायला उशीर होतो तो ऑटिझममुळे. ऑटिस्टिक मुलांवर झालेल्या अभ्यासांत दोन भाषांमुळे बोलणं आणखी मागे पडल्याचं आढळलेलं नाही. ज्या भाषेत तुम्हाला लाड करता येतात, रागावता येतं, उगाच बडबडता येतं, तीच मुलाला द्या. इंग्रजी शाळेत कानावर पडतेच.

दुसरी भीती शाळेची. टेबलापलीकडे पाच-सहा गोरे तज्ज्ञ, अलीकडे आपण एकट्या; जास्त विचारलं तर राग मुलावर निघेल असं वाटतं. म्हणून कायदा ठाऊक असू द्या. अमेरिकेतला 1975 चा अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा 1990 पासून 'आयडिया' या नावाने ओळखला जातो. मुलाला खास मदत लागते का, या तपासणीची मागणी शाळेकडे लेखी करा, तारीख घाला, प्रत ठेवा. शक्य असेल तिथे मुलाची तपासणी त्याच्या घरच्या भाषेत व्हायला हवी. आयईपीच्या, म्हणजे मुलासाठी आखलेल्या वैयक्तिक शिक्षण योजनेच्या, मीटिंगला दुभाषा लागत असेल तर तो शाळेने द्यायचा, त्याचे पैसे तुम्ही द्यायचे नाहीत. मुलाला ओळखणारं कुणी, मावशी, शेजारीण, सोबत नेता येतं. कळलं नाही तर त्याच दिवशी सही करू नका. डिग्री असली तरी दुभाषा मागायला लाजू नका. आपल्या मुलाबद्दल बोलताना भाषा अडते, बुद्धी नाही.

ती पुढच्या मीटिंगला दुभाषा घेऊन बसली. शाळेच्या अहवालात लिहिलं होतं की मुलाला फार थोडे शब्द समजतात. तिने वहीचं पान पुढे केलं. त्याला समजणारे एकेचाळीस मराठी शब्द, स्वतःच्या अक्षरात. भात, पाणी, चप्पल, आजी. आणि एक, जो तो स्वतः म्हणतो: नको.

त्याच्या शिक्षिकेने तो आपल्या वहीत उतरवून घेतला आणि उच्चार बरोबर आहे ना, म्हणून तिला दोनदा म्हणून दाखवला.