पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच. मदरबोर्डच गेला असेल का?

तुमचा पीसी आठ वर्षांचा, चालू केला की पंखे फिरतात, लाइट लागते, पण मॉनिटर ‘नो सिग्नल’ म्हणतो. दुकानदाराने कॅबिनेट न उघडताच बोर्ड गेल्याचं सांगून साडेचार हजार मागितले. देऊ नका, निदान आज तरी. बोर्ड जातात, नाही असं नाही, पण या लक्षणाला माझा पहिला संशय रॅमवर असतो.

मी कोकणात राहतो. पाऊस सुरू झाला की आमच्याकडे दरवर्षी कुणाचा ना कुणाचा पीसी असाच रुसतो. दमट हवेने रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर पातळ थर चढतो. डोळ्यांना धड दिसतही नाही, पण तेवढ्याने संपर्क तुटतो. उपाय शाळकरी आहे. प्लग काढा, पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा आणि मग रॅम काढा. पट्ट्यांवरून पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा कोरड्या ब्रशने झाडा. स्लॉटमध्ये फुंकर मारू नका, थुंकी उडते. दोन रॅम असतील तर एकच लावा, आधी एका स्लॉटमध्ये, मग दुसऱ्यात. दोन्ही बाजूंचा ‘टक्’ आवाज आला पाहिजे (काही बोर्डांना एकाच बाजूला खटका असतो). माझ्या मेहुण्याने एकदा रॅम अर्धवटच बसवली होती आणि दोन दिवस मलाच फोनवर शिव्या घालत होता.

तरीही काही दिसलं नाही तर बोर्डालाच विचारायचं. पुढच्या बटणांच्या वायरी जिथे लागतात, त्याच्या आसपास छोट्या स्पीकरची चार पिनांची जागा असते. स्पीकर चिल्लर पैशांत मिळतो. तो लावा, सगळी रॅम काढा आणि पीसी चालू करा. बोर्ड बीप-बीप करून ओरडला तर आनंद माना: प्रोसेसर चालतोय, बोर्डही बऱ्यापैकी शुद्धीवर आहे, रॅम नाही हे त्याला कळतंय. मग संशय रॅम आणि ग्राफिक्स कार्डावर. रॅम परत बसवा, कार्ड काढून मॉनिटरची केबल बोर्डाच्या पोर्टला लावून बघा. मात्र इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर त्या पोर्टमधून चित्र येणारच नाही.

बीपही नाही आला, तर प्लग काढून प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची पॉवरची वायर दाबून बसवा. ती सुटली तरी पंखे मजेत फिरतात. बोर्डावरचा नाण्यासारखा सेल, सीआर2032, पाच मिनिटं काढून ठेवा. बायोसची, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या प्रोग्रामची, सेटिंग्ज मूळपदावर येतात. त्यानंतर पहिल्यांदा चालू व्हायला वेळ लागू शकतो, घाईने बंद करू नका.

आता एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. मल्टिमीटर असेल तर पीसी चालू ठेवून त्यातून आलेल्या मोकळ्या मोलेक्स कनेक्टरमध्ये (चार पिनांचा मोठा प्लग) मोजा: पिवळी आणि काळी यांत 11.4 ते 12.6 व्होल्ट, लाल आणि काळी यांत 4.75 ते 5.25. आकडा बाहेर गेला तर दोषी सापडला. आकडा बरोबर आला म्हणून मात्र तो निर्दोष सुटत नाही. माझा पीसी फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की रीस्टार्ट व्हायचा. मीटरवर सगळं ठीक. विंडोज दोनदा नव्याने टाकून झालं, वायरिंगवालाही येऊन गेला. शेवटी शेजाऱ्यांचा एसएमपीएस तासभर उसना आणून लावला तेव्हा कळलं, की जुन्यातले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) थकले होते आणि क्षणभर व्होल्टेज पडलेलंही त्यांना पेलत नव्हतं. पण एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात.

बोर्डावरचे उभे, डबीसारखे कपॅसिटरही बघून घ्या. डोकं फुगलेलं किंवा तपकिरी रस गळलेला दिसला, तर दुकानदार अंदाजाने का होईना, खरं बोलला. तसं नसेल आणि दुकानात न्यावंच लागलं, तर आधी त्यांचा एसएमपीएस आणि त्यांची रॅम तुमच्यासमोर लावून दाखवायला सांगा. आणि हार्ड डिस्क काढून घरीच ठेवा. बोर्ड तपासायला ती लागत नाही.