बागेतल्या तळ्यातले मासे पक्षी पळवतात, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की बागेतल्या छोट्या तळ्यात ९ गोल्डफिश होते, पंधरवड्यात ४ उरले, मेलेला एकही तरंगताना दिसला नाही. आता जाळी टाकावी की प्लॅस्टिकचा बगळा उभा करावा, असं विचारताय.

प्लॅस्टिकचा बगळा आणू नका. मी आणला होता. खरा बगळा त्याला घाबरून दूर राहतो म्हणे. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर त्याच्या डोक्यावर खंड्या बसलेला. पाण्यावर नजर ठेवायला त्याला उंच जागा हवीच होती, ती मी पदरचे पैसे घालून आणून दिली.

जाळीचं नंतर बोलू. आधी चोर कोण ते बघा, कारण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. बगळा चालत येतो, खंड्या वरून सूर मारतो, पाणकावळा पाण्याखाली पोहत पाठलाग करतो. एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. पाणकावळा लहान तळ्यावर सहसा उतरत नाही, त्याला उडताना पाण्यावरून धावायला लांबी लागते. खंड्या बोटाएवढे मासे नेतो. तुमचे वीतभर मासे गेले असतील तर त्याच्यावर आळ घेऊ नका. मग उरला बगळा, आणि माझी पैज त्याच्यावरच आहे. काठच्या चिखलात पुढे तीन आणि मागे एक अशा लांबलचक बोटांचे ठसे, दगडावर पांढरी शिट, उरलेल्या एखाद्या माशाच्या पाठीवर टोचल्याची खूण, यातलं काही दिसतंय का बघा. सगळ्यात पक्की खूण माशांच्या वागण्यात असते. रोज खायला वर झेपावणारे मासे अचानक तळाशी दडून बसले आणि दाणे टाकले तरी हलेनात, तर समजा की बगळा येऊन गेलाय.

तो दिसत का नाही, याचंही कारण आहे. राखी बगळा जवळजवळ मीटरभर उंच, तो नजरेत भरतो तरी. पण ढोकरी, बगळ्यांतलीच एक लहान जात, जेमतेम दोन वितींची, अंगावर मातकट रेघा, मान खांद्यात ओढून बसली की ढेकूळच. उडाली की मग पंख पांढरेशुभ्र दिसतात आणि आपण दचकतो. बगळ्यांची मुख्य वेळ पहाटेची आणि तिन्हीसांजेची. रातबगळा तर रात्रीच येतो.

मी एकदा उजाडायच्या आधी खिडकीशी बसून राहिलो. माझ्या तळ्याला आतून चारी बाजूंनी एक पायरी होती, कुंड्या ठेवायला मुद्दाम केलेली, वर फक्त २० सेंटिमीटर पाणी. बगळा काठापासून लांब उतरला, दोन-चार ढांगा टाकत आला आणि त्या पायरीवर उभा राहिला. पाय उचलताना बोटं मिटून घ्यायचा, पाण्यात ठेवताना हळूच उघडायचा. पाण्यावर साधी वळीसुद्धा उमटली नाही. बकध्यान हा शब्द लहानपणापासून ऐकत होतो, अर्थ त्या दिवशी कळला. पुढची पंधरा मिनिटं तो हलला नाही. मग मान सुटली, आणि मासा डोक्याकडून गिळलाही गेला.

म्हणजे दोष माझ्या पायरीचा होता. बगळ्याला उभं राहायला उथळ पाणी लागतं, तेच काढून घ्यायचं. कुंड्या हलवून मी पायरीवर पाण्याच्या वरपर्यंत दगड रचले. काठ सरळ उभा हवा आणि काठाशीच निदान ६० सेंटिमीटर खोली हवी. तळं नवीन बांधत असाल तर हे एकच ध्यानात ठेवा. उतरता काठ दिसायला छान, पण तो बगळ्याचा जिना आहे. बेडकांना बाहेर पडायला एका कोपऱ्यात खरखरीत फळी तिरकी सोडली की पुरे.

बगळा चालतच येतो, म्हणून काठाभोवती खुंट्या ठोकून दोन दोऱ्या बांधा, एक २० आणि दुसरी ४० सेंटिमीटरवर. पायाला अडथळा झालेला त्याला आवडत नाही. मात्र दोरी जाड आणि दिसणारी घ्या, तंगूस नको. आणि एवढ्यावर निर्धास्त राहू नका, भुकेला बगळा दोरी ओलांडायला शिकतो.

आता जाळी. तिच्याइतका खात्रीचा उपाय नाही, पण बहुतेक जण ती चुकीची लावतात. मीही पहिल्यांदा पातळ नायलॉनची जाळी नुसती पसरून दिली. आठ दिवसांत पाला साचून मध्ये झोळ पडला, जाळी पाण्याला टेकली, आणि बगळ्यानं भोकातून चोच घालायला सुरुवात केली. त्याहून वाईट म्हणजे पाणी प्यायला आलेल्या बुलबुलाचा पाय तिच्यात गुरफटला. रुमालात धरून नखं कापायच्या कात्रीनं एकेक धागा कापला. पायाभोवती करकोचा पडला होता, पण उडाला बिचारा. ती जाळी त्याच दिवशी फेकली. जाळी हवी तर जाड धाग्याची, बारीक भोकांची, चौकटीवर कडक ताणलेली, पाण्यापासून ३० सेंटिमीटर वर. कडेला फट ठेवू नका. दर आठवड्याला पाला झाडा. तळ्याची शोभा जाते हे खरं, म्हणून मी मासे लहान असतानाच लावतो.

बाकीचा भर माशांना दडायला जागा करण्यावर द्या. वीतभर रुंद पाइपचे तुकडे, दोन्ही तोंडं उघडी, सगळ्यात खोल भागात ठेवा. कमळाच्या पानांनी निम्मं पाणी झाकलं की वरून मासा दिसणं अवघड होतं. त्याहून जास्त नको, रात्री झाडंही पाण्यातला प्राणवायू वापरतात. गोल्डफिशचा नारिंगी रंग आपण हौसेनं निवडत आणलाय, मूळ मासा शेवाळी-करडा. हिरव्या पाण्यावर आपण दिवा लावून ठेवलाय म्हणा ना! खंड्यासाठी पाण्यावर झुकलेली फांदी छाटा, नळाची उभी दांडी हलवा.

चमकत्या सीड्या, रेडिओ वगैरे चार दिवसांची गंमत. हालचाल टिपून पाणी उडवणारा फवारा बऱ्यापैकी चालतो, पण त्याची जागा बदलत राहावी लागते. आणि गेटातून आत येताना तुम्हीच भिजता. पक्ष्याला इजा होईल असं मात्र काही करू नका, बहुतेक देशांत तो गुन्हा आहे.

नवीन मासे इतक्यात आणू नका. बगळ्याला जागा माहीत झाली आहे, तो काही दिवस फेऱ्या मारणारच. हाती काही लागलं नाही की फेऱ्या कमी होतात. उरलेले चौघं खात नसतील तर दाणे टाकणं थांबवा, न खाल्लेले दाणे सडून पाणी बिघडतं.

काठाजवळ पाणी किती खोल आहे, पट्टी घालून मोजा आणि इथेच कळवा. उभा काठ असेल तर कदाचित जाळी लागणारही नाही.