पॅरिस ते रोम: पास घ्यायच्या आधी मुक्काम कमी करा

तुमचा बेत आधी थोडक्यात मांडते. चौघं जण, त्यात ६८ वर्षांच्या सासूबाई आणि १० वर्षांची लेक. १२ रात्री: पॅरिस ३, इंटरलाकेन ३, व्हेनिस १, फ्लोरेन्स २, रोम ३. विमान मुंबई-पॅरिस-मुंबई, मधला प्रवास युरेल पासवर (युरोपातल्या अनेक देशांच्या रेल्वेत चालणारा एकच पास), व्हिसा फ्रान्सचा. युरेल घ्यावा का, एवढंच तुम्ही विचारलंय. पण त्याआधी तीन गोष्टी बदला.

विमान जाताना पॅरिसचं आणि येताना थेट रोमहून घ्या. बुकिंग करताना ‘मल्टी-सिटी’ निवडलं की हे जमतं. नाहीतर शेवटचा अख्खा दिवस पॅरिसला परत जाण्यात जाईल.

व्हिसाचा अर्ज फ्रान्सकडे नको, इटलीकडे करा. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा असतो, आणि तुमच्या १२ पैकी ६ रात्री इटलीत आहेत. कुठे उतरता हे फक्त दिवस सारखे असतील तेव्हा बघतात.

तिसरी गोष्ट मुक्कामांची. मी आईला घेऊन गेले होते तेव्हा वाटेत एका स्टेशनावर गाडी बदलायला ७ मिनिटं होती. वेळापत्रकात ती पुरेशी दिसत होती. प्रत्यक्षात लिफ्ट प्लॅटफॉर्मच्या पार दुसऱ्या टोकाला, तिथे बाबागाड्या आणि सायकलींची रांग. शेवटी जिन्याने निघालो. मी दोन्ही बॅगा एकेक पायरी उतरवत होते आणि आई कठड्याला धरून, गुडघ्यावर हात ठेवून मागून येत होती. गाडी मिळाली, पण तिचा तो चेहरा मी विसरलेले नाही. तिथे हमाल जवळपास नसतातच. म्हणून तिकिटाच्या किमतीइतकंच बॅगा किती वेळा उचलाव्या लागतील हेही मोजा. फ्लोरेन्सचं हॉटेल काढून टाका. रोमहून फास्ट गाडीने ते दीड तासावर आहे, सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. मग व्हेनिस २, रोम ४ असं आरामात बसतं.

व्हेनिसमध्ये सांता लुचिया स्टेशनावर उतरा. मेस्त्रे हे त्याच्या आधीचं स्टेशन, ते मुख्य भूमीवर आहे. सांता लुचियातून बाहेर पडलात की समोरच ग्रँड कॅनल आणि वापोरेत्तोचा, म्हणजे तिथल्या प्रवासी बोटींचा, धक्का. हॉटेल पूल न चढता गाठता येईल असंच निवडा, तिथल्या बहुतेक पुलांना पायऱ्या असतात.

आता टप्पे. पॅरिसच्या गार द लियॉन स्टेशनाहून स्वित्झर्लंडचं बाझल साधारण ३ तास, तिथून इंटरलाकेन ओस्ट २ तास. इंटरलाकेन ते व्हेनिस हा सगळ्यात लांबचा दिवस: श्पीट्सला बदल, मिलानला बदल, धरा ६-७ तास. वाटेत १९०६ साली सुरू झालेला, जवळपास २० किलोमीटरचा सिम्प्लॉन बोगदा लागतो, लेकीला आधी सांगून ठेवा. मिलानला पाऊण तास तरी हातात ठेवा. रुळांच्या दुरुस्तीमुळे वेळा बदलतात, तेव्हा तुमची तारीख टाकूनच वेळापत्रक पाहा. दशम्या-चटणी खुशाल न्या, गाडीत घरचं खायला कुणी हरकत घेत नाही.

आता युरेल. तुमच्यासाठी नको. टीजीव्ही (फ्रान्सच्या फास्ट गाड्या) आणि इटलीच्या फास्ट गाड्यांना पास असला तरी सीटचं आरक्षण वेगळे पैसे भरून करावंच लागतं, आणि फ्रान्समध्ये पासवाल्यांच्या जागा मोजक्याच असतात. वाटेल तेव्हा वाटेल तिथे उतरणाऱ्यांसाठी पास उत्तम. तुमचे टप्पे ठरलेले आहेत, सुटी तिकिटंच काढा.

फ्रान्स-इटलीची तिकिटं विमानासारखी, लवकर काढाल तितकी स्वस्त. मात्र सगळ्यात स्वस्त तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. व्हिसा हातात येईपर्यंत थोडं महाग, पण बदलता येणारं तिकीट घ्या. स्वित्झर्लंडच्या साध्या तिकिटाचा दर ठरलेला असतो, ते त्या दिवशी काढलं तरी चालतं. तिथे युंगफ्राउयोख या डोंगरावरच्या रेल्वे स्टेशनाला (३४५४ मीटर) जाणार असाल तर तिघा मोठ्यांना हाफ फेअर कार्ड (निम्म्या भाड्यात तिकीट देणारं) आणि स्विस ट्रॅव्हल पास (स्वित्झर्लंडभर फिरायचा) यांचा हिशेब मांडून बघा. कार्डावर तिथे निम्मी सूट मिळते, पासवर वरच्या टप्प्याला फक्त २५ टक्के. दोन्हींसोबत फॅमिली कार्ड फुकट मिळतं, ते मागून घ्या. त्यावर १६ वर्षांखालची मुलं आईवडिलांबरोबर मोफत प्रवास करतात.

प्लॅटफॉर्मवर ए, बी, सी असे विभाग लिहिलेले असतात आणि कोणता डबा कुठे येणार ते बोर्डावर दिसतं. सासूबाईंना आधीच त्या अक्षरापाशी उभं करा, गाडी लागल्यावर धावपळ नको.

परतीला रोमच्या तेर्मिनी या मुख्य स्टेशनाहून फ्युमिचिनो विमानतळापर्यंत लिओनार्दो एक्सप्रेस ही गाडी आहे, ३२ मिनिटं. पण तुम्ही चौघं, बॅगांसह. रोमच्या जुन्या तटबंदीच्या आतून फ्युमिचिनोपर्यंत टॅक्सीचं भाडं ठरलेलं आहे, तेही गाडीचं, माणशी नाही. हॉटेल त्या तटबंदीच्या आत घ्या आणि टॅक्सीच करा.